सहाव्या कुपीतली साय

ही नोंद मुंबईतल्या एका रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतली आहे. संस्थेचं किंवा कुणा माणसाचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी, निफाडकडचे तिचे चुलते तात्या, प्रयोगशाळेतले मामा, आमचे गाइड सर आणि तिच्या शेजारच्या बेंचवर काम करणारी मी, एवढीच माणसं यात आहेत. मार्चचा अख्खा महिना आम्ही वर्णपटातल्या एका खोट्या शिखराच्या मागे धावलो आणि त्या धावण्यात एका सरळ माणसावर संशय घेतला. ते कसं घडलं, हे सविस्तर लिहिते आहे. अशाच सायीवर, म्हणजे पाणी-तेलाच्या सांध्यावर धरणाऱ्या सोन्याच्या कणांच्या थरावर, काम करणारी मुलंमुली आता ठिकठिकाणी आहेत, त्यांच्या ते उपयोगी पडावं.

साय कशी धरते

तिचं काम सोन्याच्या नॅनोकणांवर. कण बनवण्याची कृती जुनी आणि सोपी आहे. उकळत्या पाण्यात सोनं असलेलं क्लोरोऑरिक आम्ल घातलं की पाणी फिकट पिवळं होतं. त्यात सोडियम सायट्रेट ओतायचं आणि ढवळत राहायचं. आधी पिवळेपणा उडून पाणी जवळजवळ बिनरंगी होतं, मग अचानक करडं-निळं, मग जांभळं, आणि काही मिनिटांत कोकम सरबतासारखं लाल. टर्केविच आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत 1951 मध्ये मांडली. सायट्रेटचं प्रमाण बदलून कणांचा आकार ठरवता येतो, हे फ्रेन्सने 1973 मध्ये दाखवलं. हा लाल रंग म्हणजे सोनंच आहे, फक्त फार बारीक झालेलं, हे फॅरडेने 1857 मध्येच ओळखलं होतं. कितीदाही केलं तरी तो रंग बदलताना मी हातातलं काम सोडून बघते.

तिचे कण साधारण 16 नॅनोमीटर व्यासाचे. अडीच सेंटिमीटर व्यासाच्या काचेच्या कुपीत ती हे लाल द्रावण 5 मिली घेते, वर 3 मिली हेक्झेन सोडते. खाली लाल पाणी, वर स्वच्छ तेलकट थर, मधे एक रेघ. तिचा सगळा प्रबंध त्या रेघेवर उभा आहे. आपण तिला आंतरपृष्ठ म्हणतो.

नुसतं ठेवलं तर कण त्या रेघेवर येत नाहीत. प्रत्येक कणाभोवती सायट्रेटचा ऋण भार असतो. त्यामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात आणि पाण्यातच रमतात. मग पाण्याच्या थरात बारीक सुईने इथेनॉल सोडायचं, अगदी सावकाश. सिरिंज पंपावर मिनिटाला 0.1 मिली, म्हणजे एका कुपीला दीड मिली घालायला पंधरा मिनिटं. इथेनॉलने कणांवरचा भार कमी होतो, पाण्याची ओढ ढिली पडते आणि कण वर सरकून पाणी-तेलाच्या सांध्यात बसतात. एकदा बसले की उठत नाहीत. कणाला तिथून उपटायला लागणारी ऊर्जा त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नुसतं पाणी आणि हेक्झेन धरलं, स्पर्शकोन 90 अंश मानला, म्हणजे कण निम्मा पाण्यात आणि निम्मा तेलात बसला, तर 8 नॅनोमीटर त्रिज्येच्या कणासाठी ती ऊर्जा खोलीच्या तापमानाच्या ऊष्मीय धडपडीच्या सुमारे 2,400 पट भरते. त्रिज्या 1 नॅनोमीटर असेल तर हीच पट अडतीसच्या आसपास उतरते. इथेनॉलने पृष्ठताण घटतो, म्हणून खरे आकडे याहून कमी असतात, पण कण पक्का अडकायला तेवढे पुरतात.

कण दाटीने बसले की रेघेवर सोन्याचा आरसा दिसतो. वरून पाहिलं तर पिवळा झळाळ, उजेडासमोर धरलं तर निळा. आमच्याकडे सगळे त्याला साय म्हणतात. मी आले त्याच्याही आधीपासून हा शब्द प्रयोगशाळेत आहे.

आता थोडा हिशेब, कारण पुढचं सगळं त्यावरच फिरतं. त्या कुपीतल्या रेघेचं क्षेत्रफळ सुमारे 5 चौरस सेंटिमीटर. ती एका थराने भरायला साधारण 2 लाख कोटी कण लागतात. ऐकायला प्रचंड, पण त्यांत सोनं फक्त 90 मायक्रोग्रॅमच्या आसपास. तीच रेघ साबणाच्या कुळातल्या स्टिअरिक आम्लाने एका रेणूच्या जाडीने भरायची तर जेमतेम 1 मायक्रोग्रॅम पुरतं. तेवढी वस्तू डोळ्याला दिसत नाही. हाताला लागली तर कळत नाही, आणि आमच्या साध्या तराजूवर तिचं वजनही होत नाही. आंतरपृष्ठावर काम करणाऱ्याचा खरा सामना या न दिसणाऱ्या मायक्रोग्रॅमशी असतो.

द्राक्षं आणि थायरम

ही साय सिलिकॉनच्या चकतीवर अलगद उचलून वाळवली की कणाकणांमधल्या अरुंद फटींत प्रकाशाचं क्षेत्र प्रचंड वाढतं. त्या फटीत बसलेल्या रेणूचा रमन संकेत, म्हणजे लेसरचा उजेड रेणूवरून विखुरताना त्यात उमटणारी त्या रेणूची खूण, अनेक पटींनी मोठा होतो. खडबडीत चांदीवर हे पहिल्यांदा 1974 मध्ये फ्लाइशमनच्या गटाला दिसलं. तिला त्यातून शेतमालावरचे औषधांचे अंश ओळखायचे होते. 2010 मध्ये क्लोरमेक्वॅट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशांमुळे युरोपात आपली द्राक्षं अडली होती. तेव्हा ती शाळेत होती, पण घरात झालेलं बोलणं तिला आठवतं. ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवून दिलेली नाही, त्याला युरोपात किलोमागे 0.01 मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा लागते. कंटेनर निघण्याआधी पॅकहाउसमध्येच झटपट तपासणी व्हावी, हे तिचं स्वप्न. ती हे बोलून दाखवत नाही, पण तिच्या वहीच्या पहिल्या पानावर ते लिहिलेलं आहे.

पद्धत बसवण्यासाठी तिने थायरम हे बुरशीनाशक निवडलं. त्यातलं गंधक सोन्याला घट्ट धरतं आणि वर्णपटात 1380 प्रति सेंटिमीटरच्या आसपास एक ठळक शिखर येतं. नमुने तीन प्रकारचे: बाजारातली द्राक्षं, तात्यांच्या बागेतली फवारलेली द्राक्षं, आणि तात्यांच्या घराच्या दारात मांडवावर चढलेल्या वेलीची. त्या वेलीला कधीच औषध मारलेलं नव्हतं. तो आमचा कोरा नमुना. पेटी पंचवटी एक्स्प्रेसने यायची, ती कल्याणला उतरवून घ्यायची आणि लोकलने घेऊन यायची.

रमनचं यंत्र तिला आठवड्यात दोनच दिवस मिळायचं, मंगळवार आणि शुक्रवार. म्हणून एका बॅचला सहा कुप्या. सिरिंजमध्ये इथेनॉल एकदाच भरायचं आणि ओळीने सहाही कुप्यांत सोडायचं. जानेवारीत ती प्रत्येक बॅचमध्ये एक नुसती साय, काहीही न टाकता, मोजायची. ती दर वेळी स्वच्छ यायची. मग यंत्राचा वेळ वाचवायला तिने ती कुपी बंद केली आणि त्या जागी आणखी एक नमुना घेतला. सरांनी हो म्हटलं, मीही म्हटलं. पहिली चूक इथे झाली आणि ती तिघांची आहे.

28 फेब्रुवारीला विज्ञान दिन. शाळेची मुलं आली होती, तिने त्यांना साय धरून दाखवली. मुलं हरखून गेली. त्या गर्दीत पंपावरची काचेची सिरिंज खाली पडून फुटली. मामांनी काचा भरल्या, आणि काम अडू नये म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून 10 मिलीच्या प्लॅस्टिक सिरिंजांचं पाकीट आणून दिलं. सील केलेल्या, निर्जंतुक, इंजेक्शनला चालणाऱ्या. यापेक्षा स्वच्छ काय असणार? तिच्या वहीत त्या दिवशी पाहुण्या मुलांची संख्या आहे, सिरिंज बदलल्याची ओळ नाही.

मार्च

पहिल्याच आठवड्यात दाराच्या वेलीच्या नमुन्यात 1380 चं शिखर आलं. फवारलेल्या बागेच्या नमुन्यापेक्षाही मोठं.

ती माझ्याकडे वर्णपट घेऊन आली. मी म्हणाले, “तीनदा करून बघ.” तिने तीनदा केलं. तिन्ही वेळा आलं, जवळजवळ तेवढंच. मग मी म्हणाले, “आता हे खरं धरावं लागेल.” हे वाक्य मला आजही टोचतं. तीनदा तेच आलं म्हणजे चूक तीनदा तशीच झाली, एवढाही अर्थ होऊ शकतो, हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी ते मनात आलं नाही.

त्यानंतर आम्ही जे जे केलं ते थोडक्यात सांगते, कारण त्यातून काही निघालं नाही. प्रमाणित थायरमची बाटली दुसऱ्या खोलीत हलवली. बेंच तीन वेळा पुसलं. काचेची भांडी अम्लराजात भिजवून धुतली. चकत्यांचा नवा डबा फोडला. लॅटेक्सचे हातमोजे बदलून नायट्राइलचे घेतले. नायट्राइलच्या मोज्यांच्या रबरातही ते लवकर पक्कं करणारी गंधकाची त्वरकं असतात, त्यामुळे तो उपाय अर्धवटच होता. पण तेव्हा विचार त्या दिशेने गेला नाही. पाण्यावर संशय आला, पण शुद्ध पाण्याचं यंत्र 18.2 मेगाओहम-सेंटिमीटरचा रोध दाखवत होतं, म्हणजे पाण्यात क्षार नव्हते. बाटलीत ते पाणी हलवलं की बुडबुडे लगेच फुटत होते. ही जुनी परीक्षा मला आवडते. पाण्यात साबणासारखं काही असेल तर बुडबुडा रेंगाळतो. उकाड्यावरही बोट ठेवून झालं. पण पाण्याचा पृष्ठताण 25 अंशांना 72.0 आणि 30 अंशांना 71.2 मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, तेवढ्या फरकाने शिखर उगवत नाही.

उरले तात्या.

तिने माझ्यासमोर फोन लावला. स्पीकर चालू होता.

“तात्या, दारच्या वेलीला काही मारलं होतं का हो?”

“नाही गं पोरी. तुला सांगितलंय ना.”

“बागेत फवारताना वारा आला असेल... किंवा पंप तिथं धुतला असेल?”

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग ते म्हणाले, “त्या वेलीची द्राक्षं घरातली बारकी पोरं खातात. मी तिथं पंप धुवेन का?”

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मी तिला चहा आणून दिला, दुसरं काही सुचलं नाही. फवारणीचा उडालेला अंश, अशी नोंद सरांनी तात्पुरती लिहायला सांगितली. ती तिने लिहिली, पेन्सिलीने.

सहा कुप्या ओळीत

एरवी साय धरली की ती लगेच चकतीवर उचलली जायची. पहिली उचलून वाळत ठेवली की दुसरीकडे वळायचं. सहा सायी एकत्र कधी उभ्या नसत. महिनाअखेरीच्या शुक्रवारी दुपारी कळलं की रमनचा लेसर बंद आहे, आज मोजणी नाही. सहा कुप्या तयार होत्या. तिने त्या तशाच खिडकीच्या कठड्यावर ठेवल्या. खिडकी पश्चिमेची, उन्हं कलली होती.

मी हात धुऊन वळले आणि थांबले. पहिली कुपी बघण्यासारखी होती: रेघेवर एकसंध सोनेरी आरसा, उन्हात मागे निळा उजेड. दुसरीही तशीच. तिसरीच्या कडेला, काचेला लागून, करडी किनार. चौथीचा आरसा मंद. पाचवीच्या पृष्ठावर सुरकुत्या, गार झालेल्या दुधावरची साय चमच्याने ढकलल्यावर पडतात तशा. सहावीत सोनेरी असं काही उरलंच नव्हतं. मळकट निळसर पडदा, त्यावर काळे ठिपके, आणि खालचं पाणीसुद्धा लालाऐवजी जांभळट.

“ताई,” ती म्हणाली, “दारची वेल सहाव्या नंबरला असते.”

“नेहमी?”

“नेहमी. यादीत शेवटी आहे म्हणून.”

त्या सहा कुप्यांत अजून द्राक्षाचा एक थेंबही पडलेला नव्हता. नमुना, साय चकतीवर घेतल्यानंतर तिच्यावर टाकायचा असतो. म्हणजे जे काही बिघडत होतं ते तात्यांच्या वेलीच्या आधीच, साय धरतानाच बिघडत होतं, आणि पहिल्या कुपीपासून सहाव्या कुपीपर्यंत वाढत जात होतं. कण त्याच एका लाल द्रावणातले. हेक्झेन काचेच्या पिपेटने, एकाच बाटलीतलं. सहा कुप्यांत क्रमाने बदलणारी एकच गोष्ट होती: इथेनॉल किती वेळ सिरिंजमध्ये राहिलं आणि सिरिंजच्या कुठल्या भागातून आलं.

पंपावर सिरिंज होती. तिने ती काढून हातात घेतली. दट्ट्याच्या टोकाला काळं रबर. पहिल्या कुपीत जाणारं इथेनॉल नळीच्या टोकाजवळचं, त्याला रबराचा स्पर्श नाही. सहाव्या कुपीतलं इथेनॉल दट्ट्याला टेकून सव्वा तास बसलेलं.

“मामा,” तिने हाक मारली, “ही काळ्या रबराची सिरिंज कधीपासून वापरतोय आपण?”

मामांनी क्षणभरही विचार केला नाही. “काच फुटली त्या दिवसापासून. विज्ञान दिनाला. का ओ ताई, खराब निघाली का?”

पडताळा

तिने त्याच संध्याकाळी चार कुप्या लावायला घेतल्या, आणि हे तिचं स्वतःचं डोकं होतं, मी काही सुचवलं नाही. एकीत बाटलीतलं इथेनॉल काचेच्या पिपेटने. दुसरीत प्लॅस्टिक सिरिंजमधून ताबडतोब बाहेर काढलेलं. तिसरीत सव्वा तास सिरिंजमध्ये ठेवलेल्यातलं शेवटचं. चौथीत दट्ट्याचं रबर कापून, तो तुकडा रात्रभर ज्यात बुडवला ते. पहिल्या दोन कुप्यांत आरसा, तिसरीत सुरकुत्या, चौथीत साय धरलीच नाही, नुसते निळे-काळे गोळे तळाशी बसले. मंगळवारी लेसर सुरू झाल्यावर पहिल्या तीन नुसत्या सायी आणि चौथीतला गाळ मोजला. पहिल्या दोघांचा वर्णपट सपाट. तिसऱ्यात 1380, आणि गाळात तर फारच मोठं.

शिवाय त्या इथेनॉलचे काही थेंब तिने घड्याळकाचेवर उडू दिले. बाटलीतल्या इथेनॉलने मागे काही ठेवलं नाही. सिरिंजमधल्याने तेलकट चकाकणारं कडं ठेवलं. अशा सिरिंजच्या नळीला आतून सिलिकॉन तेलाचा हात दिलेला असतो, दट्ट्या गुळगुळीत सरकावा म्हणून. इंजेक्शनसाठी ते अगदी योग्य आहे. आंतरपृष्ठासाठी नाही.

आता शिखर थायरमचंच का यावं? याचं उत्तर शोधताना आम्ही तिघंही थक्क झालो. रबर पक्कं करताना त्यात गंधक घालतात, आणि ते काम लवकर व्हावं म्हणून त्वरकं घालतात. त्यांतलं एक जुनं आणि फार वापरलेलं त्वरक टेट्रामिथाइल थायुरम डायसल्फाइड आहे, आणि थायरम हे त्याच रेणूचं शेतीतलं नाव. रबरी मोज्यांनी काही जणांच्या हाताला जी ॲलर्जी येते, तिच्यामागेही बरेचदा हेच कुळ असतं. हा रेणू सोन्यावर बसताना मधोमध तुटतो आणि डायमिथाइल डायथायोकार्बामेट म्हणून चिकटतो. म्हणजे द्राक्षावरून आला की रबरातून आला, सोन्याला आणि वर्णपटाला दोन्ही सारखेच. तो सायट्रेटला हुसकावून बसतो, कणांवरचा भार जातो, कण एकमेकांना चिकटतात, आणि साय काळवंडते. खोटं शिखर आणि मळकी साय यांचं मूळ एकच होतं. साय मात्र पहिल्या दिवसापासून दिसत होती, फक्त तिच्याकडे कुणी एकत्र पाहिलं नव्हतं.

आठ बॅचेस, 48 कुप्या रद्द झाल्या. सरांनी ते पान स्वतः तिरप्या रेघेने खोडलं, खाली सही केली आणि तिला म्हणाले, “हे प्रबंधात एक उपप्रकरण म्हणून जाईल. लपवायचं नाही.” मला ते फार योग्य वाटलं. पेन्सिलीने लिहिलेली फवारणीची नोंद तिने खोडरबराने पुसली नाही, तीही तिरप्या रेघेनेच खोडली.

मग प्रिन्सेस स्ट्रीटवरून टेफ्लॉनच्या दट्ट्याची काचेची सिरिंज आली. आता दर बॅचमध्ये नुसत्या सायीच्या दोन कुप्या असतात, एक सुरुवातीला आणि एक शेवटी. बाकीच्या चार नमुन्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. चिठ्ठ्या मामा काढतात. द्रवाला जे जे लागतं, नळी, बूच, टोपी, मोजे, त्या प्रत्येक वस्तूला वहीत स्वतंत्र रकाना आहे, आणि वस्तू बदलली की तारीख.

तात्यांना तिने एप्रिलच्या पहिल्या रविवारी फोन केला. हा फोन तिने एकटीने केला. मला नंतर सांगितलं. आधी माफी मागितली. तात्या म्हणाले, “अगं, तू विचारलंस ते बरोबरच होतं, विचारायलाच पाहिजे.” मग सगळं समजावून घेतलं. रबरातलं औषध आणि फवारणीचं औषध एकच, हे त्यांनी दोनदा विचारलं. आणि मग म्हणाले, “पण पोरी, पेटीत मी द्राक्षांच्या पुड्या बांधतो, त्याला रबरबँड लावतो की. ते चालतात का?”

तिला उत्तर देता आलं नाही. सोमवारी सकाळी तिने पेटीतला एक रबरबँड कापून इथेनॉलमध्ये टाकला, आणि दुपारी त्याची साय धरली. कडेला करडी किनार आली होती.

मोसमातली शेवटची पेटी एप्रिलच्या मध्याला कल्याणला उतरली. आतल्या सगळ्या पुड्या केळीच्या सोपटाने बांधलेल्या होत्या.